दोन बुलबुल, एक पत्रक

मी अक्षरं शिकलो ती वडिलांच्या युनियनच्या पत्रकांवर. "पत्रकात एकच गोष्ट सांगायची," वडील म्हणायचे. "बारकावे घातले की मालक त्याच फटीतून आत शिरतो." मला ते पटलेलं होतं. अजूनही बऱ्याच बाबतीत पटतं.

देहूरोडच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, आमच्या गावाची जुनी राई होती. आकुर्डीकडून कारखान्यांची कुंपणं सरकत तिथवर आली आणि एका कंपनीच्या गोदामासाठी ती तोडायचं ठरलं. खोकी ठेवायला राई. मी कॉलेजात होतो. विरोधाचं पत्रक मीच लिहिणार, हे उघड होतं.

माहिती दिली आत्याने. ती राईत सरपण वेचायची. तिथे बुलबुलांच्या दोन जाती आहेत, हे मला तिने दाखवलं. एक मळकट, काळ्या डोक्याचा. दुसऱ्याचं पोट पांढरं, गालावर लाल ठिपका, डोक्यावर टोकदार तुरा. शेपटीखाली दोघंही लाल. एकाच उंबरावर दोघं खायचे, म्हणून मला ते एकच वाटत आले होते.

"मळका कुठंबी ऱ्हातो," आत्या म्हणाली. "चाळीत, तारंवर. तुरंवाला सावली सोडून न्हाई जायाचा. राई गेली की त्यो गेला."

स्टेन्सिलवर मी लिहिलं : 'राई तुटली तर इथला बुलबुल संपेल.' जाती दोन आहेत, हा बारकावा मी गाळला.

कंपनीचा साहेब जागेवर पाहणीला आला तेव्हा त्याच्या हातात माझं पत्रक होतं. समोर त्यांच्या कुंपणाच्या काटेरी तारेवर मळका बुलबुल बसलेला.

"हा कोण, राव?" त्याने गावच्या पाटलांना विचारलं.

"बुलबुल."

"हा तर आमच्याकडे कामाला लागलेला दिसतो."

सगळे हसले, गावकरीही. मी फरक सांगू लागलो. त्याने पत्रक माझ्यापुढे धरलं. "यात कुठंय?"

महिन्याभरात राई आडवी झाली. गोदाम उभं राहिलं तसे मळके बुलबुल त्याच्या पत्र्यावर आले. तुरेवाल्यासाठी मी कितीतरी सकाळी डोंगर पालथा घातला. दिसला नाही.

आत्याला वाचता येत नव्हतं. एके दिवशी चुलीशी बसून तिने विचारलं, "म्या सांगितल्यालं सायबाला पटलं न्हाई व्हय रं?"

"नाही पटलं," मी म्हणालो.

"अडाण्याचं कोण ऐकतंय," ती म्हणाली, आणि तिने लाकूड आत सारलं. तिचं म्हणणं साहेबापर्यंत पोचलंच नव्हतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.