डाख कच्चा नव्हता

रामजी येलवे तापट होता, असे त्याला न ओळखणारेही खात्रीने सांगत. ते खरे आहे. परंतु तापट माणसाच्या रागाला कारण असते, आणि ते तपासण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. मी ती घेणार आहे, कारण ते कारण घडले तेव्हा मी तिथे उभा होतो.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. मी सकाळी कॉलेजात जाई आणि दुपारपासून ठाकुरद्वारला बाबुरावांच्या रेफ्रिजरेटर दुरुस्तीच्या दुकानात कारकुनी करी. रामजी तिथला जोडारी. लालबागच्या चाळीतला, गिरणी कामगाराचा मुलगा, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठा. छप्पन सालच्या डिसेंबरात दादरला त्याने धम्मदीक्षा घेतली होती. तेव्हापासून कोणी नाव विचारले की तो मान ताठ करून आडनावासकट पूर्ण सांगे.

त्याचे खास काम म्हणजे तांब्याच्या नळीला अ‍ॅल्युमिनियमची नळी डाखणे. नव्या रेफ्रिजरेटरांत बर्फाचा कप्पा अ‍ॅल्युमिनियमचा आणि मागच्या नळ्या तांब्याच्या असत. दोन्ही जिथे मिळतात तिथला जोड सुटला की गॅस निघून जाई आणि कपाट नुसते गुरगुरत बसे. तांबे तापले की लाल होऊन दाखवते. अ‍ॅल्युमिनियम काहीच दाखवत नाही; रंग न बदलता एकाएकी वितळून खाली गळते. रामजी डाखायच्या बत्तीची ज्योत तांब्यावर धरी आणि अ‍ॅल्युमिनियमला तिची नुसती झळ लागू देई. असा जोड आतला दाब वर्षानुवर्षे सोसतो, पण हिसका सोसत नाही. डाखाच्या कडेला काचेसारखा तडकतो. म्हणून डाखल्यानंतर यंत्र ढकलू नये, असे रामजी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगे.

गिरगावातल्या एका वाडीत श्यामकांत वकील राहत. घराणे जुने, घर प्रशस्त, आवाज भारदस्त. चौकातल्या सभांतून ते अस्खलित बोलत. मराठी माणूस तितका एक, हे त्यांचे आवडते वाक्य. मी ते स्वतः टाळ्या वाजवून ऐकलेले आहे. त्यांचा रेफ्रिजरेटर बिघडला म्हणून मी आणि रामजी गेलो. दारातच वकिलांनी हसतमुखाने विचारले, "नाव काय तुमचं?"

"रामजी येलवे."

"राहणार?"

"लालबाग."

"असं, असं. जरा थांबा हं."

आम्ही थांबलो. दोन घरगडी आत गेले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून ते अवजड कपाट ओढीत गॅलरीत घेऊन आले. "बत्तीचा धूर होतो ना," वकील म्हणाले, "आईला सोसत नाही."

रामजीने एकवार माझ्याकडे पाहिले आणि बत्ती पेटवली. डाख धरावा म्हणून लावलेली फ्लक्सची पूड जोडावर राहते; ती गरम पाण्याने धुवावी लागते, नाहीतर ती अ‍ॅल्युमिनियम खात सुटते. त्याने पाणी मागितले. ते डालड्याच्या गंजक्या डब्यातून आले, आणि "डबा परत नको," असा निरोपही बरोबर आला. रामजीने जोड धुतला, साबणाचा फेस लावून तपासला, यंत्र हलवू नका असे सांगितले आणि तो जिना उतरला. मी पावतीवर सही घेण्यासाठी दिवाणखान्यात थांबलो. तेवढ्यात गड्यांनी कपाटावर पाणी शिंपडले आणि ते पुन्हा उंबऱ्यावरून आत नेले. उंबऱ्याला ते असे आदळले की आतल्या बाटल्या खणखणल्या.

आठवड्यात तक्रार आली: गार होत नाही. रामजी पुन्हा गेला. पुन्हा कपाट गॅलरीत, पुन्हा डालड्याचा डबा, पुन्हा आत. काही दिवसांनी पुन्हा तक्रार. या खेपेला वकिलांनी दुकानात येऊन सर्वांदेखत सांगितले की, तुमच्या माणसाचा डाख कच्चा आहे.

जे पाहिले ते सगळे मी बाबुरावांना सांगितले. ते म्हणाले, "ठाऊक आहे मला. पण गिऱ्हाइकाला काय सांगू? तुमचा सोवळेपणा माझा जोड तोडतो म्हणून? पुढाऱ्यांतला माणूस आहे तो. गिरगावात दुकान चालवायचंय मला." मग त्यांनी रामजीला जवळ बोलावले. "हे बघ, उद्या मी येतो बरोबर. तू एवढंच म्हण, डाख जरा कच्चा राहिला होता, आता पक्का करतो. विषय संपला."

"नाही म्हणणार."

"अरे, एका वाक्यानं तुझं काय झडतंय?"

"हात झडतो माझा, बाबुराव. उद्या अख्ख्या गिरगावात होईल, येलव्याचा हात कच्चा. मग मला बत्ती कोण देणार? तुम्ही?"

"नाही म्हणालास तर मीही देणार नाही," बाबुराव म्हणाले. "हातगाडी ओढायची मग."

इतके स्पष्ट होते ते. खोटे वाक्य उच्चारायचे, नाहीतर हातातली कला सोडून गाडी ओढायची.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे गेलो. कपाट आधीच गॅलरीत आणून ठेवले होते. बाबुरावांनी हात जोडले. "वकीलसाहेब, एवढी वेळ सांभाळून घ्या. पोराचा हात जरा..."

"पोर कोण?" रामजी गरजला. "बत्तीसावं चालू आहे मला. आणि हात कच्चा नाही. बघा ही नळी. डाख धरून आहे, त्याच्या बाजूला चीर गेलीय. ही हिसक्याची चीर आहे. कपाट आहे तिथंच ठेवा, मी आत येऊन डाखतो. तुटला तर जन्मात बत्ती धरणार नाही."

"अहो, धुराचा प्रश्न आहे," वकील म्हणाले.

"गॅस भरायला रमाकांत येतो आमच्या दुकानातला. नळ्या बंद करताना त्याचीही बत्ती पेटते. तो तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा पितो. त्याच्या बत्तीचा धूर होत नाही? का तो धूर जात बघून निघतो?"

वकिलांचा चेहरा लाल झाला. "हे पाहा, मी असलं काही मानत नाही. माझी भाषणं ऐका."

"ऐकलीत. लालबागच्या नाक्यावर उभा राहून ऐकलीत. गोळीबारात आमच्या चाळीतला पोरगा गेला, तो पण तुमच्याच महाराष्ट्रासाठी. त्याला घेतला असता का आत?"

मी म्हणालो, "वकीलसाहेब, कपाट उंबऱ्यावर आदळलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे." बाबुरावांनी माझा दंड धरला, तो मी सोडवून घेतला.

तेवढ्यात आतून वकिलांच्या आई, माई, बोलल्या. आवाज मऊ होता. "श्यामू, कशाला वाद? हलवायचं नाही ना? मग राहू दे ते कायमचं गॅलरीत. दूध घ्यायला मी बाहेर येईन."

आणि हा गृहस्थ, कायदा शिकलेला, समतेवर तासभर बोलणारा, चक्क आनंदला! "वा! उत्तम तोडगा. कोणालाच त्रास नाही."

बाबुरावही हसले. "झालं तर मग. लाव बत्ती, रामजी."

रामजीने बत्ती लावली. मला वाटले होते तो ती फेकून देईल. त्याने फेकली असती तर जन्मभर कच्चाच ठरला असता. दात आवळून त्याने डाखले. डालड्याचा डबा आला तो पायाने बाजूला सारला आणि वाडीच्या नळावरून आपल्या डब्यात पाणी आणून ते आपल्याच बत्तीवर तापवून त्याने जोड धुतला. मग उभा राहून म्हणाला, "बाबुराव, आता वकिलांच्या तोंडावर सांगा. आधीचे दोन डाख पक्के होते."

"अरे, मिटलं ना आता?"

"तुमचं मिटलं. सांगता का?"

बाबुराव छताकडे पाहू लागले. रामजीने बत्ती त्यांच्या पायाशी ठेवली आणि तो निघून गेला.

ते कपाट त्यानंतर एकदाही हलले नाही आणि जोडही सुटला नाही. संबंध वाडीला दिसेल अशा जागी, पश्चिमेच्या उन्हात ते गुरगुरत उभे असे. माई पदर सावरीत दूध न्यायला येत. पाहणाऱ्यांना वाटे, स्वयंपाकघरात जागा नसेल. एका माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवण्यासाठी स्वतःचे सामान बाहेर काढणाऱ्या लोकांना आपल्याकडे सुसंस्कृत म्हणतात, हे मी तेव्हा शिकलो. पुढे मला पदवीही मिळाली, पण हे कुठल्याच पुस्तकात नव्हते.

रामजीने करी रोडला एका गाळ्याच्या पुढ्यात फळी टाकून काम सुरू केले. दुसऱ्यांनी डाखलेले गिरगावातले जोड सुटू लागले, तसे वर्षभरात बाबुराव स्वतः तिथे गेले. मी बरोबर होतो.

"चल रे, झालं गेलं. तुझ्यासारखा हात नाही दुसरा."

रामजी नळी कानशीने घाशीत होता. त्याने वर पाहिले नाही. "हे मला काय सांगता? वकिलांना सांगा."

"आता कशाला जुनं उकरतोस?"

"मग बसू नका. फळीवर काम आहे."

बाबुराव वकिलांकडे गेले नाहीत. दुकानापासून वाडी पाच मिनिटांवर होती तरी. मी मात्र त्या महिन्यात नोकरी सोडली. रामजीला जाऊन सांगितले, तेव्हा तो माझ्यावरच खेकसला, "तू कशाला सोडलीस? कॉलेजची फी कोण भरणार, तुझा वकील?" आणि ज्योत बारीक करून पुन्हा कामाला लागला.