एक लाख तीनपर्यंत

लॉन्ड्रीचे ड्रायव्हरकाका सिग्नलला थांबले की पुढच्या गाडीच्या नंबराला भाग घालून बघत. दाराचा क्रमांक पूर्ण वर्ग निघाला तर बेल दोनदा वाजवत. चहाचा कप मात्र हमखास टपावर विसरत. आणि मूळ संख्या भेटली की हॉर्न देत. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही अशी.

"कुणाच्या बापाला फुटत नाही," काका अभिमानानं सांगत.

धुतलेल्या चादरी पोचवताना व्हॅनमध्ये त्यांच्या शेजारी एक तरुण असे. तो साहित्याचा पदवीधर, म्हणून काकांनी त्याला कविराज करून टाकलं होतं. गणिताशी त्याचा छत्तीसचा आकडा.

"छत्तीस वाईट नाही रे," काका म्हणत. "पूर्ण वर्ग आहे."

व्हॅन भंगारात द्यायची ठरली तेव्हा काकांचं तोंड उतरलं. मग त्यांची नजर मीटरवर गेली. लाख किलोमीटरला थोडंच कमी होतं.

"कविराज, उद्या हिचे तुकडे करतील. निदान आकडा तरी न फुटणारा हवा. एक लाख एक! पुढून वाच, मागून वाच, सारखाच."

डिझेल मोजकंच भरलं. भंगारवाल्याच्या आवाराभोवती घिरट्या घालून काकांनी मीटर बरोबर १००००१ वर आणला आणि गाडी फाटकात लावली. कविराज थक्क. काकांनी ऐटीत बायकोला फोन लावून आकडा सांगितला.

"अहो, अकरानं भागून पाहिलंत का?" काकूंनी विचारलं.

काका बोटांवर मोजू लागले.

"एकाआड एक आकडे मिळवा. इकडे एक, तिकडेही एक. फरक शून्य. गेला ना अकरानं भाग? देखणं काही दिसलं की तुमची अक्कल चरायला जाते."

"तुला बघायला आलो तेव्हाही गेली होती."

"म्हणून तर लग्न झालं! आता एक लाख तीन गाठा. ती मूळ आहे, मी मागेच तपासलीय."

काकांनी गाडी मागे घेतली. भंगारवाला धावत आला.

"अहो, गाडी माझी झाली ना?"

"दोन किलोमीटरनंतर होईल!"

१००००२ वर गाडीनं आचके दिले. डिझेल संपलं होतं.

"दोननं फुटते, तीननं फुटते, सातनंही फुटते," काका रडवेले झाले. "ही काय संख्या आहे? धर्मशाळा आहे!"

कविराज निमूट उतरला आणि मागून ढकलू लागला. एका आकड्यासाठी त्यानं जन्मात प्रथमच घाम गाळला. आत स्टिअरिंग धरून बसलेले काका ओरडले, "हलतोय! तीनचं डोकं दिसलं!"

तेवढ्यात भंगारवाला क्रेन घेऊन आला. त्यानं काकांना हाताला धरून खाली उतरवलं, साखळी अडकवली. चाकं जमिनीवरून सुटली. दोन आणि तीनच्या मध्ये मीटर थांबला.

"अरे, खाली ठेव तिला! अर्धाच राहिलाय!" काका क्रेनमागे धावत सुटले.

रस्त्यात कविराज उभा होता. त्याचे हात अजून ढकलायच्या पवित्र्यातच होते.