नखं नसलेली पाल

धरणगावच्या मुलींच्या शाळेत मी तेव्हा नवी होते आणि माझं कायम होणं एका पाठावर अडलं होतं. तपासणीला येणाऱ्या डिप्टी साहेबांना पाठ पटला तर नोकरी, नाहीतर माहेरी परत. परत गेले असते तर शाळेचं तोंड पुन्हा दिसलं नसतं.

विषय मीच निवडला होता, घार आणि सॅलमँडर यांची तुलना. शहाणपणा नडतो तो असा. पेंढा भरलेली घार आणि स्पिरिटच्या बाटलीतला सॅलमँडर मी जळगावहून मागून आणले. दार्जिलिंगकडचा हा प्राणी बेडकाचा भाऊबंद, पण दिसायला हुबेहूब पाल. घरोघर फिरून मुलींना शाळेत आणणाऱ्या शिपाईण अक्कासमोर मी आठवडाभर तालीम केली. घारीला नखं असतात, पालीलाही असतात, याला नाहीत, म्हणून ही पाल नव्हे. अक्का सगळं ऐकून घ्यायची आणि पालच आहे म्हणायची. पालथ्या घड्यावर पाणी.

पाठाच्या दिवशी घार बिचारी नीट वागली. बाटली उघडताना मात्र बूच एकदम निघालं आणि सॅलमँडर घसरून थेट साहेबांच्या मांडीवर पडला. पाल पडली, पाल पडली, असा मुलींनी गलका केला. साहेब ताडकन उठले. पाल अंगावर पडली की डोक्यावरून आंघोळ आली, आणि त्यांना तर पुढची गाडी गाठायची होती. पाठ राहू द्या, म्हणाले.

तेवढ्यात अक्का दारातून पुढे आली. तिने तो प्राणी दोन बोटांनी उचलला आणि त्याचे पाय साहेबांपुढे धरले.

"साहेब, घारले नखं शेतस, पालले बी शेतस. इले कोठे शेतस? पाल नही शे ही."

साहेबांनी चष्मा सारखा करून चारही पाय निरखले. मग खाली बसून मला म्हणाले, चालू द्या. मला इतकं हायसं वाटलं की घारीचे पंख समजावताना रडू येतंय की हसू, तेच कळेना. पाठ शिपाईणीलासुद्धा समजला आहे, असा शेरा त्यांनी लिहिला आणि मी कायम झाले.

संध्याकाळी अक्काने माझ्या मोरीत ऊन पाण्याची बादली आणून ठेवली. तिचे स्वतःचे केस ओले होते.

"पाल नही ती," ती म्हणाली, "पन आंग धोई ल्या."

प्राणी बाटलीत परत मीच घातला होता. नखांचा पाठ बाजूला ठेवून मी डोक्यावरून न्हायले.