टेबलाची दोन टोकं

एक पडदा, लाकडी खुर्च्या आणि जिन्यात मशीनमधल्या कार्बनच्या कांड्यांचा जळका वास, अशा टॉकीज आता राहिल्या नाहीत. तसल्याच एका टॉकीजमध्ये तो बत्तीस वर्षं चित्रपट दाखवत होता. सगळे त्याला ऑपरेटर म्हणत. दाखवले शेकडो, पण पाहिला म्हणाल तर एकही नाही. लक्ष सगळं मशीनच्या उजेडावर आणि रीळ कधी संपतंय त्यावर. त्यातून मुलखाचा मुखदुर्बळ. घरी जेवताना भाजीत मीठ नाही, एवढंही सांगायचा नाही.

शेवटी बायको कंटाळली. "भिंतीशी संसार करून दमले मी," म्हणाली आणि भावाकडे कायमचं राहायला जायचं तिनं ठरवलं. बस चारची. घराची किल्ली द्यायला ती दुपारी टॉकीजवर आली, तेव्हा तीनचा खेळ सुरू होत होता.

"वहिनी, आता ऑपरेटर हलायचा नाही," डोअरकीपर म्हणाला. "बसा आत थोडा वेळ."

वर ऑपरेटरचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जाहिराती अरुंद असत, चित्रपट रुंद. त्यामुळे जाहिराती संपल्या की भिंग बदलायचं आणि फिल्मपुढची पत्र्याची चौकटही बदलायची. त्यानं भिंग बदललं, चौकट अरुंदच राहिली.

चित्रपट सुरू व्हायचा तो जेवणाच्या लांबलचक टेबलावर. नवरा या टोकाला, बायको त्या टोकाला. अरुंद चौकटीनं दोघंही कापली गेली. पडद्यावर उरलं नुसतं टेबल आणि चमच्यांचा आवाज.

"ओ ऑपरेटर, माणसं जेवून गेली काय?"

"आम्ही काय फर्निचर घ्यायला आलोय?"

शिट्ट्या सुरू झाल्या. त्यानं घाईघाईनं मशीन थांबवलं, चौकट बदलली, रीळ मागं घेऊन पुन्हा लावलं. आता दोन टोकांना दोघं दिसली. मधे सहा रिकाम्या खुर्च्या. नऊ दिवस तो हे दृश्य दाखवत होता, पाहिलं मात्र आज. कोणीतरी मोजूनमापून त्या दोघांना इतकं लांब बसवलं होतं.

मागं दार वाजलं. बायको पहिल्यांदाच केबिनचा जिना चढून आली होती. किल्ली पुढं करत म्हणाली, "मघाचं ते टेबल पाहिलं. आपल्याच घरी असल्यासारखं वाटलं."

"ते चुकून झालं गं."

"आपलं तरी कुठं कोणी मुद्दाम केलंय?"

त्यानं किल्ली घेतली नाही. स्टूल झरोक्यापाशी सरकवलं. "बस. इथून बघ. तो एवढासा का दिसतो? कॅमेरा वर ठेवलाय म्हणून. नऊ दिवस नुसतंच नजरेसमोरून गेलं, आज उमजतंय. आता ती आजारी पडेल. तो दारात उभा राहील, अर्धा आत, अर्धा बाहेर..."

"मग येतो का आत?"

"बघ ना!"

ती बसली. तो बोलत राहिला. आयुष्यात बोलला नसेल इतका बोलला.

सव्वाचारला, तिला न्यायला आलेला भाऊ स्टँडवर वाट पाहून तणतणत वर आला. "ताई, बस गेली!"

"थांब रे जरा," झरोक्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "हा अजून दारातच उभा आहे."

पुढं टॉकीजला कुलूप लागेपर्यंत प्रत्येक नवा चित्रपट ती वरूनच पाहायची. ऑपरेटर शेजारी उभा राहून बोलत असायचा. कधीकधी इतका रंगायचा, की रीळ संपून जायचं आणि खालून शिट्ट्या यायच्या.