जेवायचा हात

डायलिसिससाठी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातात फिस्टुला करायचं ठरलं. दोन रक्तवाहिन्या जोडून सुया टोचायला एक जाड शीर तयार करतात, ती. कामाच्या हातात ती करत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या हाताने जेवता? आबा म्हणाले, उजव्या. झालं! उजव्या हाताने सगळेच जेवतात. डाव्याने घास उचलला की आजी चिमटा काढायची त्यांना. पण माणूस पक्का डावखुरा. साखर कारखान्यात फिटर होते. पाना, हातोडा, दाढीचा वस्तरा, सगळं डाव्या हातात. आणि शस्त्रक्रिया झाली ती डाव्याच हातावर. ते घरी आल्यावर मला कळलं तेव्हा अशी भडकले मी! कुणावर, ते मात्र ठरेना. प्रश्न खोटा नव्हता, उत्तरही खोटं नव्हतं.

काही आठवड्यांत बोटं गार पडू लागली. मशीनवर असताना हात ठणकायचा. रक्त त्या जाड शिरेतच वळतंय, बोटांपर्यंत पोचत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. धुळ्याला नेऊन पुन्हा एक शस्त्रक्रिया केली. थोडे दिवस बरे गेले, मग परत तेच. करंगळीचं टोक काळं पडलं. शर्टाचं बटण लागेना, आणि मी लावायला गेले की माझ्यावरच खेकसायचे.

शेवटी डॉक्टर म्हणाले, हात वाचवायचा तर फिस्टुला बंद करावा लागेल. मग मशीन कुठून लावायचं? उजव्या हाताच्या शिरा सलाईन लावून लावून वाया गेलेल्या. मानेत नळी घालूनही मशीन लावतात, पण त्या नळीत आधी एकदा जंतुसंसर्ग झाला, तेव्हा थंडीतापाने आबा जाता जाता वाचलेले. मी शाळेत शिकवते, अख्ख्या वर्गाला दम भरते. तिथे मात्र आबांची फाईल नुसती उघडत-मिटत बसले. रडूही येईना, इतका राग आला होता.

आबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. डॉक्टरांना म्हणाले, "मशीन चालू ऱ्हाऊ द्या. हात गया ते जाऊ द्या."

घाई करू नका, विचार करून सांगा, असं म्हणून डॉक्टरांनी आम्हाला परत पाठवलं.

पुढच्या डायलिसिसला मी त्यांच्या खाटेशी बसले, ती गार बोटं माझ्या दोन्ही हातांत घेऊन. नुसती धरून ठेवण्यापलीकडे मला काय करता येणार होतं? आबा डोळे मिटून पडले होते. बऱ्याच वेळाने, डोळे न उघडताच, त्यांनी विचारलं,

"हात सोडी दिधा का व माय?"

मी घट्ट धरला होता.