मंजूने कबूल केलेली दारू

मंजूच्या घरात कांदासुद्धा येत नाही, तिथे दारूचं काय सांगावं! सासरे सोहनलालजी, म्हणजे सगळ्यांचे बाबूजी. त्यांचं जळगावात कापडाचं दुकान, घर मेहरूणला.

तिची आयुषी नऊ वर्षांची. सकाळी पाठ केलेला पाढा दुपारी कोरा. घड्याळ कळत नाही. कालच्या शिक्षेतून आज काही शिकेल तर शपथ. दुकानातल्या लेस उचलून मैत्रिणींना वाटल्या, आणि विचारलं तर मनातलंच काहीतरी सांगितलं. खोटं बोलते म्हणून बाबूजींची छडी. शाळेनंही हात टेकले, दाखला घेऊन जा म्हणाले. आळशी, खोटारडी, हट्टी ही लेकराची नावं झाली आणि मंजूचं काळीज तुटत राहिलं.

शेवटी मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नवरा जिनेश होता, बाबूजीही आले, त्यांच्याशिवाय या घरात पान हलत नाही. बाईंनी सगळं तपासलं, डोक्याचा घेर मोजला, डोळे आणि वरचा ओठ निरखला. मग सरळ विचारलं, "ही पोटात असताना आईनं दारू घेतली होती का?"

बाबूजी उठून उभेच राहिले. "मॅडम, आम्ही जैन आहोत."

"विचारावं लागतं. आईनं घेतलेली दारू बाळापर्यंत पोचते, मेंदू घडतानाच बिघडतो. थोडी चालते, अमकी चालते, असं काही नसतं. फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर म्हणतात. ही पोरं मुद्दाम काही करत नाहीत, पण मार मात्र खातात. झालेलं भरून येत नाही, शिकवायची तऱ्हा बदलता येते. दारू नसेल, तर मला दुसरं कारण शोधावं लागेल."

मंजूला कारण ठाऊक होतं. आयुषी तिच्या पोटची नव्हती. चार गर्भ पडल्यावर ती धुळ्याला माहेरी गेली, सहा महिने पोटावर उशी बांधून हिंडली आणि पिंपळनेरच्या एका सुइणीकडून हे लेकरू गुपचूप आणलं. सुईण म्हणाली होती, "हिनी माय पेस वं ताई. दिनभर ऊस तोडस, मंग पेस." दारू पिऊ नको, असं त्या माउलीला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मंजूला तरी कुठं कळत होतं? या घरात हे माहीत फक्त जिनेशला. बाबूजींच्या भाचीनं मूल दत्तक घेतलं तेव्हा ते म्हणाले होते, "परकं रक्त माझ्या उंबऱ्याच्या आत नको." भाचीला त्यांनी पुन्हा घरात घेतलं नाही.

खरं सांगावं तर पोर घराबाहेर, गप्प राहावं तर छडी. इकडे आड तिकडे विहीर. तिनं जिनेशकडे पाहिलं. तो फरशी बघत बसला होता, मेला.

"मी प्यायले," मंजू म्हणाली.

"कधी?" बाबूजींनी विचारलं.

"माहेरी होते तेव्हा. रोज."

जिचा तिनं कधी वासही घेतला नव्हता, ती दारू.

छडी माळ्यावर गेली. शिकवायला एक बाई येतात, एका वेळी एकच गोष्ट सांगतात, चित्रं काढून. परवा आयुषीनं वेणी स्वतःची स्वतः घातली. मंजूचं ताट मात्र वेगळं झालं, स्वयंपाकघर बंद, देवळाची, देरासरची पायरी बंद. ती न्हाणीघरात नळ सोडून रडते. शेजारची गरोदर सून तेवढी हळूच विचारून गेली, "भाभी, बिअरनंही होतं का?" मंजू म्हणाली, "होतं. घोटभरही घेऊ नकोस."

गेल्या रविवारी आयुषी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. बाबूजींनी पोरीला आईच्या दारूचं सगळं सांगून टाकलं होतं.

"मम्मी, तू दारू प्यायलीस म्हणून मी अशी झाले?"

'नाही' अगदी ओठांवर आलं होतं. पण पोरीच्या पोटात काही राहत नाही, ऐकलेलं संध्याकाळपर्यंत आजोबांच्या कानावर जाणार.

"हो," मंजू म्हणाली.

आयुषीनं डोकं उचललं आणि ती आजोबांच्या खोलीत निघून गेली.