लाटेवर गेलेलं न्हाणीघराचं दार

१३ मे १९८४, रविवारी सकाळी पावणेदहा वाजता केळव्याच्या समुद्रात आमच्या न्हाणीघराचं दार बुडालं असं गावात सांगतात, ते खरं नाही. दार तरंगत गेलं. किंमत, बिजागऱ्या धरून, एकशे दहा रुपये. हजर मी आणि माझा मेहुणा दिनू. गैरहजर, पण सर्वांत जास्त संबंध असलेल्या, माझ्या सासूबाई! त्या महिनाभर राहायला आल्या होत्या आणि दोन्ही वेळा आंघोळ करत.

दिनू मालवाहू जहाजावर नोकरीला. ऑस्ट्रेलियाहून त्याने सर्फिंगच्या फळ्यांचे फोटो आणले होते. (फळी महाग होती.)

"तिकडे लोक नोकऱ्या सोडून लाटांमागे गावोगाव हिंडतात, भावोजी! फळीवर चित्रं काढतात, गाडीत झोपतात!"

"आणि खातात काय?"

"ते नाही विचारलं."

मग त्याची नजर न्हाणीघराच्या दारावर गेली. लाकडी फळ्या, आतून पत्रा मारलेला. "पत्रा खाली केला की काय घसरेल!" त्याने दारावर ऑइलपेंटने उगवता सूर्य, दोन माड आणि एक निळी लाट रंगवली. सासूबाई म्हणाल्या, "छान हो! आंघोळीला जाताना प्रसन्न वाटेल." पुढचा बेत त्यांना माहीत नव्हता.

मी हिशेबी माणूस. उगाच पाण्यात उतरणारा नव्हे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. त्या दिवशी त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. तेव्हा पाणी सर्वांत जास्त, म्हणजे तीच वेळ उत्तम! सासूबाईंच्या संध्याकाळच्या आंघोळीआधी दार जागेवर.

ठरल्या वेळी मी दारावर पालथा पडलो. दिनूने ढकललं.

"उभे राहा, भावोजी!"

मी उभा राहिलो. खरोखर उभा राहिलो! मग मी पाण्यात बसलेला होतो आणि दार कडीसकट निघालं होतं.

"पकड रे!"

"ते आत चाललंय, भावोजी!"

"आत कसं? भरती आहे ना?"

"होती!"

भरती पूर्ण झाली की ओहोटी लागते, हे मला माहीत होतं. हिशेबात धरलं नव्हतं, एवढंच.

घरी दाराच्या जागी चादर बांधली. पण मे महिन्याचा वारा! चादर सासूबाईंच्या बाजूने कधी नव्हतीच. आत कोणी आहे हे कळावं म्हणून त्या आंघोळभर खणखणीत आवाजात स्तोत्र म्हणू लागल्या. श्वास घ्यायला थांबल्या, तरी आम्ही सगळे अंगणात पाठ फिरवूनच उभे! तिसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. "दार आलं की कळवा. मी येईन."

सौ. म्हणाली, "आई गेली, तर मीही चालले."

तेवढ्यात दिनू धावत आला. दार सापडलं होतं! कोळीवाड्यातल्या जानकीबायच्या मुलाने ते होडीला बांधून आणलं होतं, आणि जानकीबायने त्याच्या पत्र्यावर जवळा सुकत घातला होता.

"मावशी, हे आमच्या न्हाणीघराचं दार."

"तुमचं हाय, तर समुद्रात काय करत व्हतं? आंघोल?"

चार कोळणी पाट्या खाली ठेवून हसल्या.

"आम्ही त्यावर उभं राहत होतो," मी म्हणालो.

"आमी दाराला टेकून उभं ऱ्हातो, भाऊ. दारावर नाय!"

"किती द्यायचे ते सांगा."

"दाराचं पैशे नको. पन जवला सुकल्याबिगर दार नाय मिलनार. पत्रा कसा बेस तापतो! दोन दिस थांबा."

दोन दिवस! घरी पिशवी भरलेली! मी म्हणालो, "ओला तर ओला, सगळा जवळा मीच घेतो!"

सासूबाई राहिल्या. दाराला वास राहिला, त्यामुळे आंघोळी मात्र लवकर आटोपू लागल्या.

जानकीबायला चाळीस रुपये दिले, दार बसवणाऱ्या सुताराला सहा. लाटेवर मी दोन सेकंद उभा होतो. (दिनू तीन म्हणतो, वादातला सेकंद मी धरलेला नाही.) म्हणजे सेकंदाला तेवीस रुपये पडले.

ऑस्ट्रेलियातले लाटांमागे हिंडणारे लोक काय खातात, ते मला अजून कळलेलं नाही. आम्ही दसऱ्यापर्यंत, श्रावण वगळून, जवळा खाल्ला.